हिरव्या अंगठ्यांचं लग्न

लेकीने बाबांना लग्नातलं एकच काम दिलं होतं, आणि तेसुद्धा आईचा विरोध पत्करून.

"त्यांना काही देऊ नकोस," आई म्हणाली होती. "मागे त्यांनी नळ दुरुस्त केला, तेव्हापासून आपण स्वयंपाकघरात चपला घालून वावरतोय."

"अगं, पण एकुलत्या एका मुलीचं लग्न आहे. बाबांना काहीतरी द्यायला नको?"

"खुर्ची दे. बसायला."

बाबा शेजारच्याच खोलीत होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. (त्या घरात ऐकू न येण्यासारखी खोलीच नव्हती.) पण ते रागावले नाहीत. नळाच्या बाबतीत आपली बाजू लंगडी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

बाबांना सगळी इमारत 'ठसेकाका' म्हणायची. ते एका मोठ्या लाँड्रीत होते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या, आणि कुठली चादर कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर ठसा मारायचं आणि मग ती सोड्याच्या पाण्यात बुडवायचं काम काकांकडे होतं. उकळतं पाणी, सोडा, वाफेची इस्त्री, सगळ्याला पुरून उरणारा ठसा. "कापड विरेल, पण माझा ठसा जाणार नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी सांगत.

तर लग्न. मुलाकडे आणि मुलीकडे उडवायला पैसा नव्हता, आणि असता तरी उडवायचा नाही असं त्या दोघांनी ठरवलं होतं. हॉलऐवजी इमारतीची गच्ची. खुर्च्या शेजाऱ्यांच्या, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. फुलं जुन्या रद्दीची, लेकीने आणि तिच्या मैत्रिणींनी कापून केलेली. जवळून पाहिलं तर गुलाबाच्या पाकळ्यांवर हवामानाचा अंदाज वाचता येत होता. प्रत्येक पाहुण्याने घरून एक पदार्थ करून आणायचा. आणि नवरीचा पोशाख होता चक्क विहीणबाईंचा, त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. पांढराशुभ्र, मलमलच्या कापडात गुंडाळून जपलेला.

विहीणबाईंना हे काहीच पसंत नव्हतं. त्यांना हॉल हवा होता. मुलगा बधेना तेव्हा त्यांनी हात टेकले.

"करा तुमच्या हौसेने," पोशाख सुनेच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या होत्या. "माझं एवढंच म्हणणं आहे, की हा जसा देतेय तसाच परत यावा."

बोलणं साधंच होतं, पण त्यातला दम सगळ्यांना कळला. सासू-सुनेचं नातं अजून कोरं करकरीत होतं आणि त्याचा सगळा भार त्या पोशाखावर येऊन पडला होता. लेकीने तो घरात आणला तेव्हा आईने, म्हणजे इमारतीच्या काकूंनी, आधी साबणाने हात धुतले, मगच गाठोड्याला हात लावला.

आता काकांचं काम. वहीत शुभेच्छा लिहून घेण्याऐवजी एका चादरीवर नुसतं झाडाचं खोड आणि फांद्या काढून ठेवायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या अंगठ्याचा हिरवा ठसा उमटवायचा. ठसा म्हणजे पान. शेवटी झाड भरेल, आणि ती चादर नव्या घराच्या भिंतीवर लागेल. लेकीची कल्पना. चादर लाँड्रीतली, वापरातून बाद झालेली. खोड आणि फांद्या जावयाने काढल्या होत्या.

"बाबा, तुम्ही फक्त शाई आणा. मुलांच्या खेळण्यातली मिळते ना, ती. हिरवी."

काका दुकानात गेले. शाईची डबी हातात घेतली. तिच्यावर छापलं होतं, 'पाण्याने सहज निघते.'

काकांनी ते दोनदा वाचलं. सहज निघते? ही काय शाई झाली? आपल्या मुलीच्या लग्नाची आठवण, आणि ती पाण्याने सहज निघावी? उद्या कुणी ओल्या फडक्याने भिंत पुसली की सासरचे सगळे नातेवाईक साफ! काकांना हा आपल्या धंद्याचा अपमान वाटला. त्यांनी डबी परत ठेवली, तडक लाँड्री गाठली, आणि साहेबांना विचारून इस्पितळाच्या चादरींची हिरवी शाई बाटलीभर घेऊन आले.

एवढाच काय तो निर्णय. पुढचं सगळं आपोआप झालं.

लग्नाच्या सकाळी गच्चीच्या दारापाशी काका टेबल मांडून बसले. शाईची गादी, पाण्याचं भांडं, साबण, नॅपकीन. मागे दोरीवर झाडाची चादर. थाट असा, की जणू परदेशी जाणाऱ्यांचे पासपोर्ट तपासताहेत. विहीणबाई वेळेच्या आधीच हजर झाल्या, चष्म्याच्या वरून एकेक खुर्ची न्याहाळत. काका उठून उभे राहिले.

"या, या! पहिलं पान तुमचंच, विहीणबाई!"

"माझं कशाला... तुमच्याकडचं कुणी..."

"छे छे! तुमचा मान!"

विहीणबाईंनी नाइलाजाने अंगठा दिला, सर्वात उंच फांदीवर टेकवला, नॅपकिनाला पुसला आणि नवरीची तयारी बघायला खाली निघून गेल्या. काका खूश. मग रांग लागली. व्याही आले, मामेमंडळी आली, शेजारी आले. झाड भराभर पालवू लागलं. काकू दोनदा दारातून डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा काही न बोलता परतल्या, म्हणजे त्यांच्या मते सगळं ठीक चाललं होतं.

पहिली तक्रार व्याह्यांकडून आली. व्याही भिडस्त गृहस्थ. "हे... साबणाने जात नाहीये," ते अंगठा दाखवत हळूच म्हणाले.

"जाणारच नाही!" काका अभिमानाने म्हणाले. "इस्पितळाची शाई आहे."

"अच्छा," म्हणत व्याह्यांनी विचारात पडून आपल्या टकलावर हात ठेवला. हात काढला तेव्हा टकलावर एक सुरेख हिरवं पान होतं.

ती शाई कापडावर टेकताक्षणी वाळते हे काकांना पाठ होतं. पण कातडीवर ती वाळते की नाही, हे कधी पाहायची वेळच आली नव्हती. लाँड्रीतल्या ठशाला लाकडी मूठ होती आणि इस्पितळं माणसं धुवायला पाठवत नसत. आता त्यांनी गच्चीकडे नीट बघितलं. पाण्याच्या पेल्यांवर पानं. खुर्च्यांच्या पाठींवर पानं. जिन्याच्या कठड्याला ओळीने पानं. ज्याच्या त्याच्या कडेवर फिरून आलेल्या एका तान्ह्या बाळाचे दोन्ही गाल तर पिकायच्या आधीच्या आंब्यासारखे झाले होते. आणि खाली, दोनच जिने उतरून, पांढराशुभ्र पोशाख घातलेली लेक वर यायच्या तयारीत होती.

"मंडळी!" काका टेबलावरून ओरडले. "अंगठा कुठेही टेकवू नका! वर करून ठेवा! असा!"

"का हो?"

"शाई... मुरतेय!"

लोक भले होते. सगळ्यांनी अंगठे वर केले आणि तसेच गप्पा मारू लागले. उशिरा आलेली काकांची बहीण गच्चीच्या दारात थबकली. समोर सगळा गोतावळा तिच्याकडे अंगठे दाखवत उभा.

"म्हणजे जेवण संपलं? सरळ सांगा ना, अंगठे काय दाखवताय?" ती फणकारली. तिला समजावून बसवेपर्यंत लेक वर आली.

लेक अशी दिसत होती, की काका क्षणभर शाई, अंगठे, सगळं विसरले. पण क्षणभरच. कारण तिला पाहताच बायका "अगं बाई, किती गोड!" म्हणत हात पसरून धावल्या. काका मध्ये घुसले. जी मिठी लेकीकडे निघाली ती त्यांनी स्वतः घेतली. मावशीची घेतली, शेजारणीची घेतली, कधी न बोलणाऱ्या चुलत मेहुण्याची घेतली.

"बाबा किती हळवे झालेत," लेक आईच्या कानात म्हणाली.

"हळवे?" काकू डोळे बारीक करून म्हणाल्या. "पाठ बघ त्यांची. काहीतरी करून ठेवलंय या माणसाने."

काकांच्या नव्या कोटाची पाठ एव्हाना वेलीने भरलेल्या भिंतीसारखी दिसत होती.

लग्न लावणाऱ्या नोंदणी अधिकारी बाई आल्या. त्यांनी चष्मा लावला, समोर पाहिलं. सगळे पाहुणे, झाडून सगळे, अंगठा वर करून बसलेले.

"कुणाची हरकत आहे का, असं विचारायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "पण इतकी खुल्या दिलाची मान्यता मी आजवर पाहिली नाही."

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या (तळव्यांच्या, जपून), कागदी फुलं उधळली गेली. पोशाख पांढरा तो पांढराच. काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्चीत बसले. तेवढ्यात काकूंचा आवाज आला.

"अहो."

साधं 'अहो' होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात काकांना 'अहो'चे सगळे प्रकार कळत होते आणि हा सर्वात वाईट होता. ते लेकीजवळ गेले. पोशाखाच्या डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, एक ठसा होता. ठसठशीत, हिरवागार. लाँड्रीत असता तर काकांनी त्याला शाबासकी दिली असती.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, हे निघेल ना?"

जन्मभर ज्या गोष्टीची काकांनी फुशारकी मारली, तीच आता अंगाशी आली होती. खोटं बोलावं तर समोर काकू. "नाही गं," ते कसेबसे म्हणाले. "माझंच चुकलं. तू सांगितलेली शाई मी आणली नाही."

विहीणबाई आल्याच. वाट आपोआप मोकळी झाली. व्याही हिरव्या टकलासकट मागे सरकले.

"विहीणबाई, दोष माझा आहे," काका म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला. पोरीला काही बोलू नका, एवढीच विनंती."

विहीणबाई चष्मा सारखा करून ठशावर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. ठशाच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, कुणीतरी पट्टीने मारल्यासारखी. मग त्यांनी हळूच स्वतःचा उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. हिरवा अंगठा, आणि त्याच्यावर सुरीने कापल्याचा जुना आडवा व्रण.



"मीच," त्या म्हणाल्या. "खाली गेले होते ना. खांद्यावरची चुणी सरळ केली."

काकूंनी खुर्ची पुढे केली, विहीणबाई बसल्या. पोशाखाचा घेर त्यांनी हातात घेतला, अंगठा तेवढा बाजूला ठेवून.

"माझ्या लग्नात हॉल होता," त्या म्हणाल्या. "केवढा तरी मोठा. या पोशाखाला कुणी हात लावू नये म्हणून माझी आई दिवसभर पहारा देत होती, आज हिचे बाबा करत होते ना तसा. लोक लांबून बघून, जेवून गेले. कोण आलं, कोण गेलं, मला आज एकही माणूस आठवत नाही." मग त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आता डाग लागलाच आहे, तर तो माझ्या एकटीचाच कशाला? अंगठे वर करून बघताय काय सगळे? या इकडे!"

"अहो आई, पण तुमचा पोशाख..." लेक म्हणाली.

"माझा होता. आज तुझा झाला. उभी राहा सरळ."

मग जी रांग लागली, ती आधीच्या रांगेपेक्षा मोठी होती. मामांनी बाहीवर ठसा उमटवला, शेजारणींनी घेरावर. रुसलेल्या आत्याने दोन उमटवले. बाळाचा अंगठा त्याच्या आईने धरून टेकवला. नोंदणी अधिकारी बाईंनी आधी "नियमात बसत नाही" म्हटलं, आणि मग अगदी खालच्या काठाला, कुणाच्या लक्षात येणार नाही असा एक लावला. हसून हसून लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला कुणाचाही हात कामाचा नव्हता. दोरीवरची चादर बिचारी अर्धवट पालवी घेऊन लटकत राहिली.

सगळ्यांचं झाल्यावर काका पुढे आले. त्यांना छातीजवळची जागा मिळाली. त्यांनी अंगठा गादीवर नीट दाबला आणि जन्मभराचं कसब पणाला लावून, न हलवता, न घसटता, टेकवला.

दुपारी पाहुणे पांगल्यावर गच्चीवरच्या विजोड खुर्च्यांमध्ये घरचेच तेवढे उरले. काकू भांडी आवरत होत्या. विहीणबाई सुनेला समोर उभी करून एकेक ठसा वाचत होत्या. ही मावशी, हा शेजारी, हे आमचे हे. वाचता वाचता त्या छातीपाशी थांबल्या. तिथे एक गुळगुळीत हिरवा ठिपका होता. ना रेघ, ना वळण. सोड्याच्या पाण्यात इतकी वर्षं बुडून काकांच्या बोटांवर काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

"बाकी सगळे छान आलेत," विहीणबाई हळहळल्या. "पण ऐन मोक्याच्या जागी हा डाग कसला पडला गं?"

"डाग नाही तो, अहो आई," लेक म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."

"दोन्ही एकच," काकू भांड्यांतून मान वर न करता म्हणाल्या. "एकदा लागले की जात नाहीत."