चाकाचा पहिला सूर

मुळे सर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच थांबत. दार एकदा पुढे ढकलत, एकदा मागे ओढत, मान तिरकी करून ऐकत आणि मग आतल्या माणसांना बजावत, "याला तेल घालू नका हं." चहापाण्याचं नंतर. एकदा आमच्या शेजारणीचं तान्हं मूल त्या कुरकुरीनं जागं होऊन रडायला लागलं. सर म्हणाले, "मूल पुन्हा झोपेल वहिनी. हा आवाज गेला की गेला." आमच्या माळीवाड्यातल्या बायका सरांची पाठ वळली की बिजागऱ्यांत तेल सोडायच्या.

नगरच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवत होतो, तिथेच ते पदार्थविज्ञान शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. खानावळीत जेवत आणि एका खोलीत राहत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते सगळ्यांना विषयावरून हाका मारत. "काय हो रसायन, आज डब्यात काय?" किंवा "इतिहास अजून आले नाहीत वाटतं." इतिहास म्हणजे आमचे प्राचार्य. मला ते "अहो मराठी" म्हणत. या हाकेनं सुरुवातीला मला राग येई, पुढे सवय झाली. आता तशी कुणी हाक मारत नाही.

त्यांचं संशोधन मोटेच्या चाकावर होतं. विहिरीतून पाणी ओढताना मोटेचा सगळा भार ज्या लाकडी चाकावर येतो, ते चाक. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली चालू लागले की ते कुरकुरतं आणि मोट हाकणारा गाणं म्हणतो. सरांचं म्हणणं असं की गाण्याचा पहिला सूर माणूस लावतच नाही, तो चाक लावतं. भार वाढला की कुरकुर चढते आणि तिच्यामागून गाणंही चढतं. "घर्षण माझं, चाक सुताराचं, गाणं तुमचं," ते मला म्हणत. "तिघांनी एकत्र बसून विचार केला पाहिजे. पण हे तिघं एका खोलीत बसलेले तुम्ही कधी पाहिलेत?"

तसे ते बसले नाहीतच. सरांनी आपला विषय विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाकडे पाठवला, तेव्हा 'हा विषय भाषेचा दिसतो' असं उत्तर आलं. मराठी विभागाकडे पाठवला, तर 'हा विषय विज्ञानाचा दिसतो'. एका इंजिनिअर गृहस्थांनी मात्र मनापासून विचार करून कळवलं की चाकाला बॉल बेअरिंग बसवावं, कुरकुर पूर्ण थांबेल. सरांनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "यांच्या घरचं दार ऐकायला पाहिजे एकदा."

एकाहत्तर साली विद्यापीठानं थोडं मनावर घेतलं. एक परीक्षक नगरला येऊन सरांचं म्हणणं ऐकणार होते. त्यांना पटलं तर सरांचं नाव पीएच.डी.साठी नोंदलं जाणार आणि त्यांना दोन वर्षांची रजा मिळणार. मग नगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत हिंडायचं आणि जिथे मोट शिल्लक आहे तिथे तिचा आवाज टेपवर घ्यायचा. घाई होती. विजेचे खांब गावोगाव निघाले होते आणि मोटा उतरत होत्या. परीक्षकांना ऐकवायला एक तरी चाक हवं होतं.

ते मीच शोधून दिलं. माझी थोरली बहीण जिल्ह्यातल्याच बेलापूरला दिलेली. तिच्या सासरच्या मळ्याला लागून भागूजी तात्यांची विहीर होती आणि त्यांची मोट अजून चालू होती. महिन्याभरात मुलगा मोटर बसवणार होता. तात्या सत्तरीला टेकलेले, आणि त्यांच्या गाण्याची पंचक्रोशीत ख्याती.

भाऊबिजेला मी बहिणीकडे निघालो तेव्हा सर एस.टी. स्टँडपर्यंत आले. गाडी सुटताना खिडकीला धरून म्हणाले, "अहो मराठी, बाकी काही सांगू नका. एवढंच सांगा, चाकाला तेल घालू नका."

तात्यांच्या ओट्यावर चहा झाला. त्यांचा मुलगा रंगनाथ होता, चार-पाच शेजारी होते. मी मराठीचा प्राध्यापक, पाव्हणा माणूस. एवढ्या लोकांपुढे 'चाकाला तेल घालू नका' हे वाक्य काही माझ्या तोंडून निघेना. हे काय खूळ, असं म्हणतील याची लाज वाटली. मी म्हणालो, "आमचे मोठे सर येणार आहेत. सगळं जरा नीट ठेवा."

"त्याची काळजीच करू नका," रंगनाथ म्हणाला.

पुढच्या रविवारी सर खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून माझ्याबरोबर आले. विहिरीवर पोहोचलो तर सडा घातलेला, बैलांची शिंगं रंगवलेली. आणि चाकाच्या आसाला बैलगाडीचं काळं वंगण असं माखलेलं, की उन्हात चमकत होतं.

"सकाळधरनं खपतोय," रंगनाथ खुशीत म्हणाला. "तुमच्या या सरांनीच सांगितलं, नीट ठेवा म्हनून. आता बघा, लोन्यावानी फिरतंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखादं दार ऐकावं तसं, मान तिरकी करून.

तात्यांनी बैल हाकले. मोट आवाज न करता वर आली. तात्यांनी तोंड उघडलं, एक ओळ धरली आणि ती वाकडी गेली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. शेजारचे हसायला लागले. "तात्या, पाव्हन्यांना बघून घाबरला का काय?" रंगनाथ म्हणाला, "म्हाताऱ्याचं झालं आता." तात्यांनी बैल थांबवले. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत म्हणाले, "येत न्हाई वो. लई वर्सं म्हनत हुतो. आज काय झालं कळंना." आणि ते खाली मान घालून धावेच्या कडेला बसले. चारचौघांत म्हाताऱ्याची शोभा झाली होती, आणि ती मी केली होती.

सरांनी टेपरेकॉर्डर बंद केला नाही. ते चाकाशेजारी जाऊन उभे राहिले, धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "तात्या, बैल चालवा. चाक मी होतो."

आणि ते कुरकुरले. तोंडानं. "कुईं…" मोट वर येईल तसा आवाज चढत गेला, गळ्याच्या शिरा ताठल्या. सरांना गाता येत नव्हतं हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, पण तो आवाज गाण्याचा नव्हताच. तो चाकाचा होता. तात्यांनी चमकून वर पाहिलं आणि त्यांना सूर सापडला.

"भर भर मोटं, चढ चढ पानी,
उसाच्या वाफ्यात लेक शहानी…"

हसणारे गप्प झाले. सगळा वाफा भरेपर्यंत सर चाक झाले होते.

परीक्षकांपुढे त्यांनी हीच टेप लावली. आधी मुकं चाक आणि अडखळणारे तात्या, मग त्यांची स्वतःची कुरकुर आणि लागलेलं गाणं. एका अर्थी याहून चांगला पुरावा नव्हता. पण 'कुईं' सुरू झालं आणि सभागृह हसण्यात बुडालं. प्राचार्यांनी डोळे पुसले. परीक्षक म्हणाले, "हे चाक तुमच्याच कॉलेजात नोकरीला आहे वाटतं." पुन्हा हशा. मग त्यांनी विचारलं, "पण खरं चाक का वाजलं नाही?"

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सरांची नजर माझ्यावरून पुढे गेली.

"वंगण घातलेलं होतं," ते म्हणाले. "निरोप नीट जायला हवा होता. चूक माझी."

तेव्हा उठून बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सरांना रजा मिळाली नाही, नावही नोंदलं गेलं नाही. पुढे गोष्टीला पाय फुटले. मुळ्यांनी खोटं चाक केलं, पुरावा बनवला, असं लोक सांगू लागले. सर फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवरून कुईं कुईं व्हायचं. सर आता हयात नाहीत, तरी आम्ही निवृत्त मंडळी जमलो की कुणीतरी 'खोटं चाक' काढतोच आणि अजून सगळे हसतात. चाक खरं होतं. सरांनी काही लपवलं नव्हतं. लपवलं मी, आणि ते इथे लिहून ठेवतो आहे.

तात्यांना मात्र मी तोंडानं सांगितलं होतं. दुष्काळाच्या वर्षी बहिणीला भेटायला गेलो तेव्हा मळ्याकडे पाय वळले. विहिरीत मोटरीलाही पुरेल एवढं पाणी नव्हतं. मोट, चाक, सगळं उतरवून ठेवलेलं. मोटेच्या रिकाम्या खांबांखाली तात्या बसले होते आणि शेजारी मुळे सर. टेपरेकॉर्डर कुठे दिसेना.

"सर तर येत्यातच की," रंगनाथची बायको पाण्याचा तांब्या देताना म्हणाली. "सुट्टी असली की पयली एस.टी. मशीन न्हाई आनत आता. चाक हुत्यात, मामंजी गानं म्हनत्यात, भाकरी खात्यात आन जात्यात."

मी जवळ गेलो. सरांनी मला पाहून थोडं सरकून जागा केली, एवढंच. मग मला राहवलं नाही. म्हणालो, "तात्या, तेल घालू नका असा सरांचा निरोप होता. मी तो सांगितला नाही. तुमचं गाणं माझ्यामुळं अडलं."

तात्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग हसले.

"मंग झ्याक केलंत की मास्तर. चाक बोललं असतं तर सर येकदाच आले असते."

मुळे सरांनी तोंड विहिरीकडे फिरवलं. त्या खेपेला कुरकुर लागायला त्यांना बराच वेळ लागला.