स्लाव मन ओळखण्याची शास्त्रीय पद्धत

माणसाचं मन ओळखायचं असेल तर त्याच्याशी बोलत बसू नये; वेळ जातो, शिवाय माणूस आवडू लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा त्याच्या भाषेतले वाक्प्रचार गोळा करावेत.

हे शास्त्र गुणवंतरावांनी १९९६ साली दुबईत, देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत रुजवलं. तेव्हा रशियन गिऱ्हाइकं विमानं भरभरून येत आणि टीव्ही, मिक्सर, लेदर जॅकेटं गाठोड्यांनी नेत. गुणवंतरावांनी पुण्यात रशियनचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता (परीक्षा दिली नव्हती), म्हणून 'स्लाव मनोवृत्ती कक्ष' त्यांच्याकडे आला.

निष्कर्ष थक्क करणारे होते. थापा मारणारा 'कानांवर शेवया टांगतो' असं रशियन म्हणतात. म्हणजे या लोकांना अन्नाची किंमत नाही. मुद्दा टाळणारा चेक माणूस 'गरम लापशीभोवती फिरतो'. म्हणजे धाडस नाही, आणि न्याहारीही वेळेवर नाही. एकूण स्लावांपैकी ८३ टक्के अविश्वसनीय (पाहणी: सहा जण, त्यांतला एक केरळचा निघाला).

अडचण एकच होती, गलीना. ओडेसाची ही बाई चार वर्षं काउंटरवर गिऱ्हाइकांशी नुसती बोलायची आणि निम्मा माल खपवायची. अहवाल वाचून ती शांतपणे म्हणाली, "गुणवंत, धिस इज ओन्ली टॉकिंग. नोबडी हॅज नूडल्स."

गुणवंतरावांनी शेरा मारला: 'पुरावा नाकारते. वांशिक लक्षण.' तिचा व्हिसा रिन्यू झाला नाही. महिन्याची नोटीस मिळाली.

शास्त्र मालकांना, म्हणजे कमरुद्दीनभाईंना, इतकं पटलं की नोटिशीच्या त्या महिन्यात त्यांनी तिलाच मराठीची पाहणी करायला बसवलं. तिला लांब जावं लागलं नाही. गुणवंतराव शेजारच्याच टेबलावरून घरी फोन करत, आणि अर्थही हौसेने तेच समजावून सांगत. अर्धं पान भरलं: हे लोक एकमेकांचं डोकं खातात. जीव खातात. रक्त पितात. गळा केसाने कापतात. त्याआधी कान भरतात. काउंटरवर ठेवू नयेत.

कमरुद्दीनभाईंनी कागद दोनदा वाचला आणि खुर्ची जरा मागे घेतली. गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे बायको विभावरी आली, तिसरीतली लेक दिया आली, दोन महिन्यांवर आलेली तिची परीक्षा आली.

"भाई, वो तो खाली बोलने का तरीका है."

"गलीना भी यही बोली थी. खलास."

वाचकहो, इथे तुम्हाला चुकचुकल्यासारखं झालं. साहजिक आहे, घरचा माणूस. मुलगी गलीनालाही होती. ती कितवीत, हे तुम्ही विचारलं नाहीत.