कर्नलचा गुडघा

गुरुवारी सकाळी कादंबरी उघडली तेव्हा कर्नल ड्रागान लंगडत नव्हता, ही पहिली गोष्ट सुवार्ताला खटकली. मंगळवारी हाच कर्नल कठड्याला धरून, दातओठ खात एकेक पायरी चढत होता. आज तो धडाधड वर गेला आणि कादंबरीचा नायक मार्टिन ज्या पोटमाळ्यावर लपला होता त्याचं दार त्याने लाथेने उघडलं. तेही दुखऱ्या, उजव्याच पायाने. तुरुंगातून सोडवलेल्या, चर्चच्या म्हाताऱ्या पाळकाला पाठीवर घेऊन मार्टिन कसाबसा छपरावरून निसटला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि सुवार्ताच्या हातून पुस्तक खाली पडलं.

श्रीरामपुरातल्या सुवार्ताच्या चर्चच्या मंडळीचं एक छोटं ग्रंथालय आहे आणि त्यातल्या ख्रिस्ती हेरकथांना फार मागणी असते. या कादंबऱ्यांतल्या माणसांसाठी बुधवारच्या सभेत प्रार्थना केली जाते आणि ती त्यांना लागू पडते. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. सुवार्तानेच महिन्यापूर्वी मार्टिनचं नाव सभेत सांगितलं होतं आणि त्याच आठवड्यात सरहद्दीवरच्या शिपायाने त्याचा खोटा पासपोर्ट उलटा धरून वाचला होता. आता रविवारी सकाळी, इथे उपासनेची घंटा होते त्याच वेळी, मार्टिनचा म्हाताऱ्याला घेऊन सरहद्दीवरचा पूल ओलांडायचा बेत होता. लंगडा कर्नल त्याला गाठू शकला नसता. हा गाठणार होता. आजच्या पुढची पानं, नेहमीप्रमाणे, अजून कोरी होती.

या बुधवारी सर्दी झाली म्हणून सुवार्ता सभेला गेली नव्हती. ती तडक शेजारच्या दीनाबाई घाटविसाव्यांकडे गेली. सभा गेली कित्येक वर्षं त्यांच्याच ओसरीवर भरते.

"सलाम, मावशी. काल कर्नलसाठी प्रार्थना कुणी केली?"

"सलाम. मी केली," मेथी निवडता निवडता दीनाबाई म्हणाल्या. "का गं?"

"का म्हणजे? तो खलनायक आहे!"

"असू दे. तो जिना चढायला लागला की मी पुस्तक मिटून ठेवायची. मला विचार गुडघा म्हणजे काय ते. लिहिणाऱ्यांना काय, बसल्या जागी एखाद्याला लंगडा करून टाकतात."

"मावशी, तो मार्टिनला गोळी घालेल."

"शत्रूसाठीही प्रार्थना करायची, हे तूच शिकवतेस ना रविवारच्या शाळेतल्या पोरांना? एवढी बी. ए. झालीस, आणि दुसऱ्याचा गुडघा बरा झाला तर दुखतंय तुला."

"मग निदान त्याच्या हृदयपालटासाठी तरी करायची! गुडघाच कशाला?"

"हृदयाचं त्याने सांगितलं नव्हतं. तो गुडघ्याने कण्हत होता," दीनाबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

सुवार्ता रागारागाने मंडळीच्या पाळकांकडे गेली. रेव्हरंड शिनगारे यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"केलेली प्रार्थना मागे घेता येत नाही, बाळ. तशी तरतूद नाही."

"पण साहेब, हे अन्यायाचं आहे! आम्ही महिनाभर एका माणसाला जिवंत ठेवायचं आणि मावशींनी एका संध्याकाळी त्याच्यामागे धावायला पाय द्यायचे?"

"मार्टिनसाठीही काल केली. बंधू लूकस यांनी केली."

"काय मागितलं त्यांनी?"

पाळक जरा घुटमळले. "त्याची तळघरातली शिंक थांबावी म्हणून. थांबली असेल."

"थांबली," सुवार्ता म्हणाली. "आता तो न शिंकता मरेल."

पाळकांनी तिला पाणी दिलं. मग बराच विचार करून म्हणाले, "एक मार्ग आहे. आपल्या मंडळीच्या प्रार्थनेने जो बरा होतो त्याने लगेचच्या रविवारी उपासनेत सगळ्यांपुढे तसं सांगून साक्ष द्यायची, हा आपला रिवाज. साक्ष दिली नाही तर दुखणं परत येतं, हेही तू पाहिलंयस."

सुवार्ताने पाहिलं होतं. कोषाध्यक्षांची पाठदुखी साक्ष टाळल्यावर चौपट होऊन परतली होती.

"म्हणजे तो इथे आला तर पुलावर नसेल," ती सावकाश म्हणाली, "आणि नाही आला तर लंगडेल."

"पण त्याला कळवायला हवं. न कळवता दुखणं परत येत नाही. ते अन्यायाचं होईल."

"परदेशातून इतक्या लवकर येईल तो?"

"साक्षीला येणाऱ्यांना अडचण येत नाही. मागे एका कादंबरीतला जहाजाचा कप्तान आला होता. चहा घेऊन गेला बिचारा."

कर्नलने पूर्वी एका खानावळवाल्याला कार्ड दिलं होतं आणि त्यावरचा नंबर पुस्तकात छापलेला होता. फोनवर अनोळखी आवाज आला की सुवार्ताला धडकी भरते. तरीही तिने फोन लावला. कादंबरी भाषांतरित असल्यामुळे पलीकडची बाईही तशीच बोलत होती.

"कर्नलमहाशय सांप्रत पाठलागात मग्न आहेत. पाठलाग संपल्यावर प्रयत्न करावा."

"पाठलाग संपल्यावर काय उपयोग? माणूस मरेल तिकडे!"

"आपला संताप नोंदवून घेतला आहे," असं म्हणून बाईने फोन ठेवला.

शुक्रवारी कर्नल झाडीत होता. शनिवारी सकाळी तो नदीकाठी होता आणि बाई जेवायला गेली होती. सुवार्ता पुस्तक उघडून पाही, पुन्हा फोन लावी. कर्नल आता पळत होता, ओढे उड्या मारून पार करत होता, आणि मार्टिन म्हाताऱ्याला खांद्यावरून उतरवून दम घेत होता. कुणाच्या तरी गुडघ्याची कणव येते आणि दोन माणसांचा जीव जातो, वर आपणच कोत्या मनाचे ठरतो, या विचाराने ती बटणं आणखी जोरात दाबत होती. फोनची भीती मात्र कुठल्या कुठे गेली होती.

दुपारी ओसरीवरून दीनाबाईंनी हाक मारली, "अगं, जेवलीस का?"

"नाही!" ती ओरडली आणि पुन्हा नंबर फिरवला.

या वेळी बाई आली नाही. घंटा वाजत राहिली, मग खरखर झाली. वारा ऐकू आला, कुत्री ऐकू आली, कुणीतरी धापा टाकत होतं.

"मी ड्रागान."

सुवार्ता दचकून उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य ती पार विसरली. "मी... श्रीरामपूरहून..."

पलीकडची पावलं थांबली. कुत्र्यांना कुणीतरी गप्प केलं.

"गुडघ्यासंबंधी ना?" आवाज एकदम नरम झाला. "उद्या उपस्थित राहीन. पण साक्ष उभ्यानेच द्यावयाची असते काय?"