कांद्याच्या वाफ्यात हिराजीकाका

दर अमावास्या-पौर्णिमेला हिराजीकाका आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत काठीने टोचत फिरायचे. कुठे भोक तर पडलं नाही ना, हे बघायला. नव्वदच्या सुमारास आम्ही गिरगावातून भाईंदरला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात वॉचमनने त्यांना चोर समजून धरलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "आज उधान हाय. पानी काय झोपत न्हाय."

मग कळलं, की आमची बिल्डिंग जवळच्या मोरवा गावातल्या ह्या म्हाताऱ्याच्या भातशेतीवर उभी आहे आणि आमची भिंत आहे तिथे त्यांचा बांध होता. खाडीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून जन्मभर त्यांनी तो राखला. शेत विकलं, बांध गेला, पण राखण काही सुटली नाही. कुणाच्या बाथरूमचा नळ ठिबकला तरी काका खाली उभे राहून हाका मारायचे. खाडी आता इथवर येत नाही म्हणून सांगावं, तर "तुमाला काय ठावं!" म्हणून पुढच्या कोपऱ्याकडे.

एका हिवाळ्यात सोसायटीची सहल जुन्नरला निघाली. शिवनेरी, लेणी, जुना बाजार असा बेत. सेक्रेटरी मेहताभाई म्हणाले, "काका को भी ले लो. दो दिन दीवार को आराम मिलेगा."

किल्ल्याच्या पायऱ्या काकांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या आणि मलाही चढायचा कंटाळा होता. मंडळी वर गेली, आम्ही दोघं खाली शेतांच्या बाजूला रेंगाळलो. मी चहा सांगायला टपरीवर गेलो आणि परत येतो तर काका धोतर खोचून चिखलात! बांधाला एके ठिकाणी खिंड होती, तिथून कांद्याच्या वाफ्यात पाणी जात होतं. काकांनी दोन्ही हातांनी चिखल ओढून ती लिंपून टाकली होती आणि वर स्वतः ठाण मांडून बसले होते.

"मानसां बोलवा! सगला शेत जाल!"

माणसं बोलवायची गरज पडली नाही. शेताचा मालक फावडं घेऊन धावतच आला.

"अवो बाबा, काय केलं हे! पाटाच्या पाण्याची आज माझी पाळी हाय. हे पुढं निघून गेलं तर माझी रोपं जळतील की! पाणी शिरलं नव्हतं, मी सोडलं होतं!"

काकांना पटेना. भुईवरून आलेलं पाणी आपणहून शेतात कोण घेतो? त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं.

"गोडा हाय," ते पुटपुटले. "आमच्याकडं गोडा पानी आभालातूनच येतं."

त्यांचा चेहरा इतका पडला की शेतकऱ्याचा राग तिथेच विरला. काकांनी चाचरत विचारलं, "मीच खोलू?" त्याने फावडं पुढे केलं. काकांनी खिंड मोकळी केली. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात राहिलं आणि काका त्याच्या बरोबरीने बांधावरून चालत राहिले. शेवटचा वाफा भिजला तेव्हा ते खाली बसले.

"बांध फुटला तवा मी घरी नव्हतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बायकोला मुंबईला हास्पिटलात ठेवली होती. पोरगा सांगाया आला, शेत खारा झाला. तिला मी सांगितला न्हाय. ती रोज इचारायची, भात केवरा झाला? मी सांगायचो, गुडघ्यापरत. मंग सांगायचो, कमरेपरत."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो. मंडळी किल्ल्यावरून उतरली होती, मेहताभाई बसजवळून हाका मारत होते. काका उठले नाहीत.

"ती गेली ना, त्या दिशी मी तिला सांगितला, लोंब्या आल्यान."