औषधाचे वडील

आमच्या निवृत्त हेडक्लार्कांच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली आणि ती कोणत्याच औषधाला दाद देईना. केस गेले, चव गेली, वजन गेलं. गाठ जागची हलली नाही.

अशा वेळी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी नवं औषध तयार केलं. डीएनएचा एक चिमुकला धागा. तो स्वतःभोवती असा दुमडतो, की कर्करोगाच्या पेशीलाच नेमका जाऊन चिकटतो. त्याच्या शेपटाला औषध बांधून सोडायचं; निरोगी पेशींना धक्का लागत नाही. या धाग्याला अ‍ॅप्टामर म्हणतात. उंदरांना गुण आला होता. माणसांत पहिला मान हेडक्लार्कांचा होता. आमच्या परवाना कक्षाची सही तेवढी बाकी होती.

साहेबांनी अर्ज वाचला. "बाई, रकाना सात कोरा आहे. 'डीएनए कोणाचे?'"

"कोणाचंच नाही. यंत्रावर जोडून बनवलंय."

"असं कसं? आईबाप असतीलच की."

"नाहीत हो!"

साहेब हळहळले. "म्हणजे बेवारस," म्हणाले आणि तसा शेरा मारला.

बेवारस जैविक वस्तूसाठी तीस दिवसांची जाहीर सूचना लागते. ती मीच फलकावर डकवली. अकरा वारस आले. स्वतःच्या मुलाला आयुष्यभर ओळख न दिलेले एक गृहस्थ कुपीकडे पाहून गहिवरले. एक काकू म्हणाल्या, "असं दुमडून बसायची खोड आमच्याच घराण्यातली." वाद मिटवायला डीएनएची डीएनए चाचणी झाली. अहवाल आला : मानवी अपत्य नाही. मग फाईल रीतसर पशुविभागाकडे गेली. तिकडून विचारणा आली, 'पाय किती?' बाईंनी वैतागून 'शून्य' लिहिलं, तेव्हा प्रकरण मत्स्यविभागाकडे वर्ग झालं. मत्स्यविभागाने ते पोहत नसल्याचं कळवून महिन्याभराने परत पाठवलं.

एव्हाना हेडक्लार्कांना उभंही राहवेना. मुलगी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आमच्याकडे घेऊन आली.

"बाबा, चाळीस वर्षं तुम्ही इथेच होतात. एक शब्द टाका ना."

"ओळखीवर फाईल सोडवू? मी?" ते ओरडले आणि बराच वेळ खोकत राहिले. मग त्यांनी अर्ज मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "हा सातवा रकाना मीच घातलेला," ते हळूच म्हणाले. "पानावर जागा उरली होती."

त्यांनी पेन मागितलं आणि रकान्यात लिहिलं : 'माझे.'

साहेबांचे डोळे पाणावले. जागच्या जागी मंजुरी! मुलीने माझे दोन्ही हात धरले. "सुटलो हो, दादा!"

तेवढ्यात साहेबांनी पान उलटलं. "अरेरे. दात्याला किंवा त्याच्या नात्यातल्या कोणाला औषध देता येत नाही. आणि तुम्ही तर आता औषधाचे वडील. घरच्याच माणसाला लाभ? लोक काय म्हणतील?"

"बरोबर आहे," हेडक्लार्क म्हणाले. नियम त्यांना तोंडपाठ होता. फक्त खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती, आणि मुलीने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी नजर चुकवली.

औषध दुसऱ्या एका रोग्याला दिलं. दोन महिन्यांत त्याची गाठ निम्म्यावर आली. तोवर हेडक्लार्क गेले होते.

शोकसभा आमच्याच सभागृहात झाली. साहेब गदगदून म्हणाले, "जाता जाता त्यांनी एका अनाथाला बाप दिला."

मुलगी उठली. "बाबांना ते औषध दिलं असतं तर?"

"ताई," साहेब मायेने म्हणाले, "कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरं नाहीत."

आम्ही सगळ्यांनी पत्रिका उघडून पाहिली. प्रश्नोत्तरं खरंच नव्हती. मग आम्ही टाळ्या वाजवल्या. नाक मुरडू नका. तुम्हीही वाजवल्या असत्या. चहा टाळ्यांनंतर होता.