हद्दीबाहेरच्या सह्या

माणूस कुठे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असून भागत नाही. ते कागदाला ठाऊक असावं लागतं.

चंद्रभान हा वर्धा जिल्ह्यातल्या एका अभयारण्याचा हंगामी चौकीदार. (हंगाम अकरा वर्षं चालू होता.) २००६ साली त्याला हद्दीच्या खांबाजवळ, पळसाच्या बुंध्याशी एक प्लास्टिकचा डबा सापडला. आत वही, पेन, शिट्टी आणि चिठ्ठी: ‘डबा सापडल्यास तारीख-वेळ घालून सही करावी. एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी.’ हा शहरातल्या हौशी मंडळींचा खेळ होता. डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि परक्यांनी यंत्र घेऊन तो हुडकायचा. चंद्रभानला हे कोण सांगणार? ‘सही करावी’ असं सरकारशिवाय कुणी बोलत नाही, एवढं त्याला माहीत होतं. आपण खरंच फिरतो का, हे पाहायला खात्याने डबा ठेवला, असं समजून तो मनापासून सुखावला. अकरा वर्षांत खात्याने त्याची दखल घेतल्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याने शिट्टी घेतली, मूठभर चारोळ्या ठेवल्या आणि वर्षभरात, दिवसाला एक अशा, दोनशे त्रेचाळीस सह्या केल्या.

पुढे चौकीदारांना कायम करायचं ठरलं. अट एकच, वर्षात दोनशे चाळीस दिवस हजेरी. मस्टर वाळवीने खाल्लं होतं. चंद्रभानने अभिमानाने वही पुढे केली. एवढा सबळ पुरावा पाहून कचेरी अस्वस्थ झाली आणि तिने समिती नेमली. समिती दोन जीपगाड्यांतून गेली, जेवली, यंत्राने डब्याची जागा मोजली. डबा हद्दीबाहेर चार मीटर निघाला. (यंत्र दहा मीटरपर्यंत चुकू शकतं, असं त्यावरच छापलं होतं, पण बारीक अक्षरात.)

“सह्या तुह्याच हायेत न?” समितीच्या ओमप्रकाश साहेबांनी विचारलं.

“हो साहेब. एकबी खोटी नाई.”

“मंग दोनशे त्रेचाळीस दिवस तू जंगलाबाहेर होता.”

चंद्रभानला कमी करण्यात आलं. उरलेल्या चौघा चौकीदारांविरुद्ध कुठल्याच वहीत काही आढळलं नाही, म्हणून ते कायम झाले. घरी बायकोने, रुख्माबाईने त्याला एवढंच विचारलं, “तुमाले सही येते, हे सांगाले काऊन गेलते?”

आपण ही कथा बहुधा कचेरीच्या वेळेत वाचत आहात आणि मस्टरवर हजर आहात. तेव्हा काळजी नसावी. फक्त आत्ता खरोखर कुठे आहात, हे कुठे लिहून ठेवू नका.