रेणूला मासा कळला

प्राध्यापक हाव्रानेकांच्या न्हाणीघरात ऐन नाताळात गवंडी शिरले, आणि नाताळच्या जेवणासाठी आणलेला जिवंत कार्प मासा ठेवायचा कुठे, असा प्रश्न पडला. एरवी प्रागमध्ये त्याची जागा टबात. घरच्यांची दोन दिवस आंघोळ बुडाली तरी चालते. शेवटी सरांनी सकाळीच तो चार किलोचा ऐवज आपल्या संशोधन संस्थेच्या तळघरात आणला आणि फोटो धुण्याच्या बंद पडलेल्या खोलीतल्या टबात गुपचूप सोडला. मासा काही भुंकत नाही. कुणाला कळणार?

भिंतीपलीकडे त्यांची विद्यार्थिनी शार्का नऊ दिवस एकाच रेणूसमोर बसली होती. सोन्याच्या पत्र्यावर पडलेला, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांत गारठलेला एकच एक रेणू! त्याच्यावर यंत्राची सुई अगदी जवळ न्यायची, पण टेकू द्यायची नाही. मधल्या फटीतून विजेचे कण उड्या मारतात, आणि त्यांच्या धक्क्यानं रेणूतला एखादा बंध थरथरला की आलेखात इवलासा उंचवटा येतो. त्या उंचवट्यासाठी सर वीस वर्षं टपून होते. पण गारठा धरून ठेवणारा हेलियम चार वाजता संपणार होता. मग यंत्र तापणार, आणि हा रेणू कुठे भरकटेल ते देवालाच ठाऊक. शार्काचा प्रबंध त्याच्याबरोबर जाणार होता.

म्हणून शांततेसाठी सरांनी सकाळपासून इमारत डोक्यावर घेतली होती. लिफ्ट बंद. नाताळची गाणी बसवणारी मंडळी घरी. संचालिकाबाईंनाही त्यांनी जिन्यात बूट काढायला लावले.

"सर, परत आला!" अडीचच्या सुमाराला शार्का कळवळली. "दर चार-पाच मिनिटांनी धप्प! सगळी रेघ फिसकटते."

"कोण आहे तो? सापडू दे, सोलून काढतो!" सर दबक्या आवाजात गरजले.

"आता माझ्या मोज्यांचाही आवाज येतोय का हो, हाव्रानेक?" संचालिकाबाईंनी दारातून विचारलं.

एवढ्यात भिंतीपलीकडे बारीकसं छपाक् झालं. पडद्यावरची रेघ उडाली. सरांना दरदरून घाम फुटला. पण त्या घामातही ते थक्क झाले. माशानं शेपूट आपटली, भिंत हलली, आणि ती खबर थेट एका रेणूपाशी पोचली! काय यंत्र केलंय माणसानं!

"मी... जरा पलीकडे बघून येतो," ते पुटपुटले.

टबाशेजारी माशाबरोबरच आणलेली, त्याला मारायची लाकडी हातोडी होती. ती उचलली खरी, पण घाव घातला तर धप्पचा बाप होणार. शिवाय मासा त्यांच्याकडे बघत होता. सरांनी बाह्या सरसावल्या, गुडघे टेकले आणि बर्फासारख्या पाण्यात त्याला हलकेच कवेत घेतलं.

"गप रे बाबा. एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मासा गप्प झाला. नुसते कल्ले त्यांच्या तळव्यावर हलत राहिले.

चारला दहा मिनिटं असताना शार्का त्यांना शोधत आली. डोळे भरलेले.

"सर, आला! उंचवटा आला! तीनदा घेतला, तिन्ही वेळा तिथंच..." मग तिची नजर टबात गेली. "म्हणजे धप्प..."

"मीच तो. काढ सोलून."

"ते नंतर. हेलियम संपतोय. उठा, मी धरते याला. तुम्ही आधी बघून या."

सर कोपरापर्यंत ओलेच पडद्यासमोर उभे राहिले. तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. जगाच्या आरंभापासून कुणाच्या नकळत चाललेली ती थरथर आज कुणीतरी पाहत होतं. सरांना रडू आवरेना. डोळे पुसले तर हातांना माशाचा वास.

ते परतले तेव्हा शार्का टबावर वाकून म्हणत होती, "शाब्बास, ओताकार!"

"नाव ठेवलंस त्याचं?" सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, नाव ठेवलेला मासा घशाखाली उतरतो का? आता परवा जेवायला काय करायचं?"

"चुकलंच, सर. पण तुम्ही तासभर याला काय नावानं हाक मारत होता?"

सरांनी ओल्या बाह्या खाली ओढल्या.

"बेद्रिख," ते म्हणाले.